पॅनेलची वही वेगळी, गाडीची वही वेगळी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिकेचे चार पानी पत्र माझ्यासमोर आहे. सासऱ्यांनी बांधलेले चिऱ्यांचे, मंगळुरी कौलांचे घर, मागच्या अंगाला पतीने नंतर घातलेली पाचशे चौरस फुटांची स्लॅब, घरात त्या स्वतः, मुलगी, जावई आणि नात, महिन्याला सरासरी ३८० युनिट वीज, आणि मुलीची सात वर्षे जुनी पेट्रोल गाडी, जी बोरी-लोटलीमार्गे वेर्णा औद्योगिक वसाहतीत जाऊन-येऊन रोज पंचेचाळीस किलोमीटर धावते, असा सगळा तपशील त्यांनी शिक्षकी शिस्तीने मांडला आहे. २०२५ च्या मे महिन्यात एक पुरवठादार स्लॅब पाहून गेला आणि त्याने पाच किलोवॅटच्या सौर संचाचे तीन लाख दहा हजार रुपयांचे दरपत्रक दिले. त्यातून ७८ हजारांचे केंद्राचे अनुदान परत मिळेल, मुलीने विजेवरची गाडी घेतली की ती फुकटात पळेल आणि अडीच वर्षांत सगळा पैसा वसूल होईल, असे त्याचे म्हणणे आहे. वर बॅटरीही घ्यावी, असा त्याचा आग्रह आहे. पैसे मुदत ठेव मोडून उभे करायचे असल्यामुळे हे गणित खरे आहे का, असे त्यांनी विचारले आहे. वीजजोडणी अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, त्याचे काय करावे, हा त्यांचा दुसरा प्रश्न. पत्राच्या अखेरीस, काहीशा संकोचाने, आणखी एक प्रश्न आहे: स्लॅब पॅनेलांनी भरून गेली तर एप्रिल-मे महिन्यांत सोलां, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत कुठे घालायची?

बाई, अडीच वर्षांचे गणित कसे जमविले गेले ते आधी उलगडून दाखवितो, कारण हीच चूक मी गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या अनेक घरांत पाहिली आहे. त्या गृहस्थाने तुमच्या मुलीचे महिन्याचे पेट्रोल आणि तुमचे महिन्याचे वीजबिल यांची बेरीज केली आणि ती सगळी बेरीज पॅनेलांच्या नावावर जमा केली. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव ९६ रुपये धरला तर ६,४०० रुपये होतात. त्यात विजेचे साधारण १,३०० मिळविले की ७,७०० झाले. वर्षाचे झाले ९२ हजार. अनुदान वजा जाऊन उरलेल्या दोन लाख बत्तीस हजारांना या रकमेने भागले की अडीच वर्षे येतात. भागाकार बरोबर आहे, परंतु जमेची रक्कम भलत्याच खात्यात घातली आहे. पेट्रोलचा खर्च वाचतो तो विजेवरच्या गाडीमुळे. तुमच्या घरावर एकही पॅनेल नसले तरी तो वाचणारच आहे. पॅनेलांनी काय वाचविले हे पाहायचे असेल तर पॅनेल असताना येणारे वीजबिल आणि नसताना येणारे वीजबिल यांतला फरक तेवढा मोजला पाहिजे. म्हणून दोन वेगळ्या वह्या करा, एक गाडीची आणि एक पॅनेलची, आणि एका वहीतला रुपया दुसरीत जाऊ देऊ नका.

गाडीची वही आधी लिहू, कारण ती सोपी आहे. मध्यम आकाराची विजेवरची गाडी आपल्या रस्त्यांवर, घाट आणि वातानुकूलन धरून, घरच्या मीटरवर मोजलेल्या एका युनिटला सहा किलोमीटर जाते असे मानू. चार्ज करताना जी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते तीही यात आली. म्हणजे हजार किलोमीटरला साधारण १६५ युनिट. या युनिटांची किंमत मात्र तुमच्या बिलावरच्या सरासरी दराने काढता येणार नाही. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात आणि गाडीचे युनिट घरच्या युनिटांच्या डोक्यावर येऊन बसतात, त्यामुळे ते सर्वांत महाग टप्प्यात पडतात. हिशेबाची रीत कळावी म्हणून मी गोल आकडे घेतो: पहिले शंभर युनिट दोन रुपये दराने, पुढचे शंभर तीनने, त्यापुढचे चारने, मग पाचने आणि चारशेच्या वरचे सहा रुपये दराने. तुमच्या ताज्या बिलाच्या मागे छापलेले दर या आकड्यांच्या जागी घालून बाई तुम्ही हेच गणित पुन्हा मांडा. स्थिर आकार आणि इतर अधिभार मी दोन्ही बाजूंनी वगळले आहेत, कारण ते पॅनेल बसविल्याने फारसे हलत नाहीत.

या दरांनी तुमचे आजचे ३८० युनिटांचे बिल १,३०० रुपये होते. गाडी आली आणि वापर ५४५ युनिटांवर गेला की ते २,२७० होते. म्हणजे पॅनेल नसतानाही गाडी महिन्याला ९७० रुपयांत धावेल आणि ६,४०० रुपयांचे पेट्रोल वाचेल. महिन्याची बचत ५,४३०, वर्षाची सुमारे ६५ हजार. ही सगळी बचत गाडीच्या वहीत लिहा.

तिच्यासमोर खर्चाच्या बाजूला काय लिहायचे, हे मुलीच्या आजच्या गाडीवर अवलंबून आहे. ती गाडी अजून चांगली चालते, असे तुम्ही लिहिता. चालती गाडी केवळ पेट्रोल वाचविण्यासाठी विकली तर नव्या गाडीची जवळजवळ पूर्ण किंमत त्या ६५ हजारांतून वळती करून घ्यावी लागेल, आणि ते लवकर होणारे नाही. गाडी बदलायची वेळ आपसूक आली की मात्र खर्चाच्या बाजूला विजेवरची गाडी आणि तिच्या तोडीची पेट्रोल गाडी यांच्या किमतींतला फरकच फक्त लिहायचा. तो फरक तीन लाखांचा असला तरी पाच वर्षांच्या आत भरून निघतो. येथे एक बदल लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्के व उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि विजेवरच्या गाड्यांवर तो पूर्वीप्रमाणेच ५ टक्के राहिला. म्हणजे दोन किमतींतले अंतर त्यानंतर वाढले आहे. जुन्या किमतींवर बेतलेले तुलनेचे तक्ते कोणी दाखविले तर ते बाजूला ठेवा. मुलीने दोन वर्षांच्या आत गाडी बदलायचे ठरविले आहे, असे पत्रात आहे. तो बेत मला योग्य वाटतो. आज घाई करण्याचे कारण दिसत नाही.

आता पॅनेलची वही. गोव्यात चांगल्या, सावली नसलेल्या छपरावर एक किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो, म्हणजे महिन्याला सरासरी ११६. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली; तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार आणि एकूण जास्तीत जास्त ७८ हजार रुपये मिळतात. तीन किलोवॅटच्या वर कितीही मोठा संच घातला तरी अनुदान एका रुपयाने वाढत नाही. दर चढत्या टप्प्यांचा आणि अनुदान उतरत्या टप्प्यांचे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की तुमच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते, आणि पुरवठादार नेमके हेच सांगत नाहीत.

पॅनेलची वीज तुमच्या बिलातून वरून खाली कापत येते. सर्वांत आधी सहा रुपयांचे युनिट जातात, मग पाचाचे, मग चाराचे, आणि अखेरीस उरतात ते दोन-तीन रुपयांचे स्वस्त युनिट. म्हणून पहिला किलोवॅट सर्वांत जास्त कमावतो आणि शेवटचा सर्वांत कमी. त्या पुरवठादाराच्याच भावाच्या आसपास दोन किलोवॅटला एक लाख तीस हजार आणि तीन किलोवॅटला एक लाख पंच्याण्णव हजार धरू. अनुदान वजा जाता दोन किलोवॅट ७० हजारांत पडतात, तीन किलोवॅट एक लाख सतरा हजारांत आणि पाच किलोवॅट दोन लाख बत्तीस हजारांत.

गाडी घरात आली आहे, वापर ५४५ युनिट आहे, असे धरून पाहा. दोन किलोवॅट २३३ युनिट देतील, बिल २,२७० वरून ९६० वर येईल, वर्षाला १५,७२० रुपये वाचतील. साडेचार वर्षांत पैसे वसूल. तीन किलोवॅट ३५० युनिट देतील, बिल ४८५ वर येईल, वर्षाला २१,४२० वाचतील; साडेपाच वर्षांत वसूल. पाच किलोवॅट तुमचे सगळे बिल पुसून टाकतील आणि वर महिन्याला अडतीस-एक युनिट उरतील, वर्षाला २७,२४० वाचतील. आणि वसूल व्हायला साडेआठ वर्षे लागतील. अडीच वर्षांच्या आश्वासनाची खरी लांबी ही आहे.

यातही पाच किलोवॅटचा आकडा वरवर पाहता वाईट वाटत नाही, म्हणून मी चौथा आणि पाचवा किलोवॅट वेगळा काढून दाखवितो. या दोन किलोवॅटसाठी तुम्ही जादा एक लाख पंधरा हजार द्याल, अनुदान शून्य, आणि ते वर्षाला मिळवून देतील ५,८२० रुपये. ही रक्कम फिटायला जवळजवळ वीस वर्षे लागतात. तुमची हीच रक्कम आज मुदत ठेवीत आहे आणि सात टक्के व्याज धरले तर वर्षाला आठ हजारांवर मिळवून देते. बाई, पेन्शनवर घर चालविणाऱ्या माणसाला ठेव मोडून असा सौदा करायला लावणे मला मान्य नाही, आणि मोठ्या संचावर पुरवठादाराचा नफा मोठा असतो, एवढे एकच कारण त्यामागे मला दिसते. तिसऱ्या किलोवॅटचे तसे नाही. तो अनुदान जाऊन ४७ हजारांना पडतो, गाडी असेल तर वर्षाला ५,७०० मिळवितो आणि सव्वाआठ वर्षांत फिटतो. गाडी नसेल तर मात्र तो ३,४०० च्या आसपासच मिळवितो आणि चौदा वर्षे घेतो. म्हणजे गाडी येणार की नाही हा प्रश्न फक्त तिसऱ्या किलोवॅटपुरता आहे. गाडी नक्की येणार असेल तर तीन किलोवॅट घ्या, नसेल तर दोनावर थांबा. तुमच्या घरी ती दोन वर्षांत येणार आहे, म्हणून माझा कौल तीन किलोवॅटला आहे. महाराष्ट्रात राहणारे तुमचे नातेवाईक पाच-पाच किलोवॅट बसवून समाधानी आहेत, असे तुम्ही लिहिता. त्यांचे विजेचे दर आपल्यापेक्षा पुष्कळ चढे आहेत, तेव्हा त्यांचा अनुभव त्यांच्या घरापुरता खरा आहे. आपल्याकडे घरगुती वीज स्वस्त आहे आणि त्यामुळेच गोव्यात पॅनेलचा आकार अधिक काळजीने ठरवावा लागतो.

खर्चाच्या बाजूला आणखी एक ओळ हवी. पॅनेल पंचवीस वर्षे काम करतात आणि त्यांची क्षमता दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते, ही त्यांची हमी बहुतेक कंपन्या लेखी देतात. पॅनेलची वीज घरात चालणाऱ्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर मात्र एवढा टिकत नाही. दहा-बारा वर्षांनी तो बदलावा लागेल असे समजून वर्षाला तीन हजार बाजूला काढा. ते वजा केले की तीन किलोवॅटची बचत वर्षाला १८,४०० राहते आणि वसुली साडेपाचावरून सव्वासहा वर्षांवर जाते. मला हा सौदा चांगला वाटतो, आणि वीजबिलात वाचलेल्या रुपयावर प्राप्तिकर नसतो, ठेवीच्या व्याजावर असतो, हेही त्याच्या बाजूने आहे. दरपत्रक मात्र नवे मागवा. तुमच्याकडचे मे महिन्यातले आहे, आणि सौर साहित्यावरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शिवाय अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यांतील सौर घटही (सेल) भारतात बनलेले असावे लागतात. त्याचा स्पष्ट उल्लेख दरपत्रकात असू द्या. केंद्राच्या अनुदानावर राज्याकडून आणखी काही साहाय्य मिळेल असे कोणी सांगितले तर त्याचे मंजुरीपत्र हातात आल्यावरच ती रक्कम वहीत लिहा.

पावसाळ्याची भीती तुम्ही बोलून दाखविली आहे. माझ्या घरावर तीन किलोवॅटचा संच आहे आणि मी रोज सकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा एका वहीत टिपून ठेवतो. एप्रिलमधल्या चांगल्या दिवशी चौदा युनिट, आणि जुलैत संततधार लागली की चार, कधी तीन. तरीही वर्षाचा हिशेब बिघडत नाही, कारण नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्तीची झालेली वीज वीज खात्याच्या तारांत जाते, तिची नोंद होते, आणि ते युनिट पुढच्या महिन्यांत वळते करून घेता येतात. उन्हाळ्यातली शिल्लक पावसात कामी येते. वरचे सगळे हिशेब मी वर्षाच्या सरासरीवर केले आहेत. प्रत्येक महिन्याचे बिल त्याबरहुकूम येणार नाही, याची मनाशी तयारी ठेवा.

याच व्यवस्थेमुळे गाडी दिवसा घरी नसते ही अडचणही उरत नाही. मुलगी वेर्ण्याला असताना पॅनेलची वीज तारेत जाईल आणि रात्री गाडी तारेतून वीज घेईल. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांनाही दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावायचा आहे: उन्हाच्या तासांत किमान वीस टक्के कमी आणि मागणीच्या तासांत किमान दहा टक्के जास्त. तेव्हा गाडी संध्याकाळी घरी आल्या आल्या चार्जला लावण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच टाळावी. बहुतेक गाड्यांत वेळ लावून ठेवण्याची सोय असते, ती मध्यरात्रीनंतरची लावावी, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी.

बॅटरी घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगतो. नेट मीटरिंग असताना वीज खात्याची तारच तुमची बॅटरी आहे आणि तिला देखभाल लागत नाही. मात्र एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला आधी कळायला हवी. आमच्याकडे पॅनेल बसले त्या पहिल्याच जूनमध्ये वाटेवरचा एक मोठा फणस तारांवर पडला आणि वाडा दोन दिवस अंधारात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले. मी स्लॅबवर जाऊन पाहिले तर पॅनेल धुऊन निघाल्यासारखे चमकत होते, आणि खाली इन्व्हर्टरवर लाल दिवा होता, आकडा शून्य, घरात पंखा बंद. बिघाड कसलाच नव्हता. तारेत वीज नसली की हे इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतात, कारण ते चालू राहिले तर आपल्या घरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. ही सुरक्षेची योजना अत्यावश्यक आहे. परंतु संच बसविणाऱ्याने आम्हाला त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता आणि त्या दोन दिवसांसाठी आम्ही काहीच तजवीज केली नव्हती. तुमच्या घरी दिवे-पंख्यांपुरता जो बॅटरीवरचा लहान इन्व्हर्टर आधीपासून आहे तो तसाच राहू द्या, तेवढा पुरे.

चार्जिंगच्या जागेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण येथे काटकसर करू नये. सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर तुम्हाला लागणार नाही; त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि जुने वायरिंगही बदलावे लागते. रोजच्या पंचेचाळीस किलोमीटरना साडेसात युनिट लागतात, आणि ते साध्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर तीन तासांत भरतात. आपले राज्य उत्तर-दक्षिण शंभर-एक किलोमीटरचे, तेव्हा रात्रभरात एवढ्याच सॉकेटवर पेडण्याहून काणकोणला पोहोचण्याइतकी वीज सहज भरते. मात्र ते सॉकेट स्वतंत्र हवे: मीटरपासून वेगळी जाड तार, तिला भार वाढला की आपोआप तुटणारा स्वतःचा एमसीबी आणि गळती ओळखणारा तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी. स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरून एक्स्टेन्शन ओढून गाडी चार्ज करणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी आहे, मग ती एका रात्रीपुरती का असेना. अर्थिंग मे महिन्यात तपासून घ्या. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतला ओलावा उन्हाळ्यात आटून जातो आणि पावसाळ्यात उत्तम वाटलेले अर्थिंग तेव्हा निकामी ठरते. पॅनेल आणि गाडी या दोहोंसाठी ते वेगवेगळे आणि मोजून पाहिलेले असावे.

आता जोडणीच्या नावाबद्दल, आणि हे काम सगळ्यांच्या आधी करायचे आहे. सूर्यघर योजनेत वीजबिलावरचे नाव आणि अर्जदाराचे नाव जुळावे लागते. अनुदानही अर्जदाराच्याच बँक खात्यात येते. सासऱ्यांच्या नावावरच्या बिलावर तुम्हाला अर्ज करता येणार नाही. घर वडिलोपार्जित आहे, म्हापशाचे आणि मुंबईचे असे दोन दीर वारसांत आहेत, आणि आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे त्यांचा हक्क तुमच्या घरच्यांइतकाच आहे. वीजजोडणी तुमच्या नावावर करून घेण्यासाठी त्यांची लेखी ना-हरकत घ्या, आणि त्याच कागदात आणखी दोन वाक्ये घालून घ्या: स्लॅबवर सौर संच बसविण्यास त्यांची संमती आहे, आणि संच तुमच्या खर्चाने बसविलेला असून तुमच्या मालकीचा आहे. जोडणीवर नाव लागले म्हणून घरावर हक्क लागत नाही, हे दिरांनाही मोकळेपणाने सांगावे. बहुतेक घरांत संमती अडते ती याच शंकेपायी. येत्या चतुर्थीला सगळे घरी जमतील तेव्हा समोरासमोर बोलून सह्या घेतल्यास पत्रव्यवहाराचे सहा महिने वाचतील. सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, तेव्हा ती संधी सोडून त्यापुढच्या चतुर्थीची वाट पाहत बसणे धोक्याचे ठरेल. मुंबईच्या दिरांना फोन करून आधीच कल्पना द्या.

कौलांवर पॅनेल बसवू नयेत, हे तुमच्या पुरवठादाराने बरोबर सांगितले आहे. एक पॅनेल पंचवीस-तीस किलोंचे असते, तीन किलोवॅटना सहा पॅनेल लागतात, आणि सासऱ्यांच्या वेळचे वासे आणि रिपा हे वजन आणि त्याखाली शिरणारा जूनमधला वारा यांच्यासाठी घातलेल्या नाहीत. स्लॅबच योग्य. मात्र त्याने स्लॅबची पाहणी मे महिन्यात केली, आणि येथे त्याच्या हातून एक मोठी गोष्ट सुटली आहे. तुमच्या स्लॅबच्या दक्षिणेला दोन माड आहेत. आपण पंधरा-साडेपंधरा अक्षांशावर राहतो, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि माडाची सावली माडाच्याच बुंध्याशी पडते. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेकडे कलून जातो आणि भर दुपारी क्षितिजापासून अवघा एकावन्न अंश वर राहतो. तेव्हा माडाचा शेंडा तुमच्या स्लॅबच्या जेवढा वर आहे, त्या उंचीच्या आठ दशांश लांबीची सावली उत्तरेकडे, म्हणजे स्लॅबवर पडते. शेंडा वीस फूट वर असेल तर सोळा फूट. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपल्याकडचे निरभ्र आकाशाचे महिने. पॅनेल एका माळेत जोडलेले असल्यामुळे एकावर सावली पडली तरी सबंध माळेची वीज उतरते. पाच किलोवॅट बसविले असते तर सगळी स्लॅब व्यापली गेली असती, आणि दक्षिणेकडची ओळ हिवाळाभर माडाच्या सावलीत राहिली असती.

माड तोडू नका. झाड तोडायचे म्हटले तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगीचा प्रश्न येतो. पण ते बाजूला राहू द्या, दोन माडांचे नारळ तुमच्या स्वयंपाकघराला वर्षभर पुरतात असे तुम्हीच लिहिले आहे आणि ती काही लहान रक्कम नव्हे. नारळ पाडणारा पाडेली येईल त्या दिवशी त्याला माडाची उंची विचारून घ्या, स्लॅबच्या दक्षिण कठड्यापासून बुंध्यापर्यंतचे अंतर मोजा, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एखाद्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी साडेबाराला आणि तीनला खडूने सावलीची कड स्लॅबवर आखून ठेवा. पुरवठादार पुन्हा येईल तेव्हा त्या तीन रेघा त्याला दाखवा आणि पॅनेल त्यांच्या उत्तरेला बसवायला सांगा. पडणारा नारळही मग पॅनेलपासून लांब राहतो. सांगाडा गरम जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. आपल्या हवेत साधे बोल्ट दोन पावसाळे टिकत नाहीत.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल संकोच करण्याचे काही कारण नव्हते, कारण जागेचा हिशेब त्यावाचून पूर्ण होत नाही. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट लागतात. तीन किलोवॅट उत्तरेकडचे तीनशे फूट घेतील आणि दक्षिणेकडे, माडांच्या बाजूला, दोनशे फुटांचा पट्टा मोकळा राहील. डिसेंबरात तो सावलीत असतो आणि पॅनेलांच्या कामाचा नाही. पण भिंडां, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा सूर्य डोक्यावर असल्याने त्या पट्ट्यावर दुपारभर कडक ऊन असते. सोलां तेथेच घाला. उत्तरेला उभ्या असलेल्या पॅनेलांची सावली सोलांवर पडणार नाही. फक्त पॅनेल धुताना पाणी त्या बाजूला वाहून येणार नाही असा उतार कठड्याशी काढून घ्यायला गवंड्याला आधीच सांगून ठेवा.